लाइट घालवली, मग खांबावर चढत का नाहीत?

(आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-२०२: डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, लाइटवाल्यांची गाडी येऊन थांबलीय. लाइट कधीच घालवली, माणसं मात्र खाली कागद भरत बसलीत!

सी-१०१: हो ना. वर्क फ्रॉम होमवाल्यांनी करायचं काय?

बी-५०३: अहो, तो कागद म्हणजे परमिट. कोणती लाइन, कुठून कुठपर्यंत बंद, जबाबदारी कोणाची, सगळं त्यात. तो हातात आल्याशिवाय खांबाला शिवायचं नाही. माझी नोकरी यातच गेली.

ए-२०२: काका, पण स्विच पाडला की झालं ना?

बी-५०३: तिथंच घात होतो. कधी स्विचच्या तीन पात्यांपैकी एखादं अडकून राहतं, कधी शेजारच्याच फीडरचा, म्हणजे दुसऱ्याच लाइनचा, स्विच पाडलेला असतो. म्हणून स्विचला कुलूप, वर पाटी. मग तारेत वीज आहे का ते सांगणारा डिटेक्टर. तोसुद्धा आधी चालू लाइनवर वाजवून बघायचा, मग बंद लाइनला लावायचा, आणि पुन्हा चालू लाइनवर. बिघडलेला डिटेक्टरही गप्पच बसतो ना!

डी-४०४: बाप रे, हे माहीतच नव्हतं.

बी-५०३: मग अर्थिंग. कामाच्या दोन्ही बाजूंना तिन्ही तारा एकमेकींना जोडून जमिनीला जोडायच्या. आधी जमिनीकडचा क्लॅम्प, नंतर तारेचा. काढताना उलट. क्रम चुकला तर क्लॅम्पचा रॉड धरणाराच अर्थिंग होतो.

सी-१०१: लाइन बंद आहे तर अर्थिंग कशाला?

बी-५०३: आपल्यासारख्यांमुळे! जनरेटर चालू केला आणि चेंजओव्हर, म्हणजे बाहेरची लाइन तोडून जनरेटर जोडणारा स्विच, नीट बसला नसेल, तर २३० व्होल्ट उलटे डीपीत शिरतात. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही, पलीकडे ११,००० होऊन निघतात. शेजारून दुसरी चालू लाइन जात असेल तरी बंद तारेत विजेचा दाब उतरतो.

ए-६०१: गच्चीवरच्या सोलरचं काय?

बी-५०३: ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर लाइट गेली की आपोआप बंद होतो, त्याची रचनाच तशी. मला काळजी आपल्या जनरेटरची. तो चेंजओव्हर शेवटचा कोणी उघडून बघितला?

सचिव: नोंद सापडत नाही. लाइट येईपर्यंत जनरेटर बंद ठेवायला सांगतो. संध्याकाळी वायरमन येईल. काका, तुम्हीही या.

बी-५०३: येतो.

डी-४०४: एकजण चढला! दुसरा खाली नुसता उभाय.

बी-५०३: नुसता नाही. वरच्यावर नजर ठेवणं हेच त्याचं काम. लाइट कधी येणार म्हणून त्याला विचारत बसू नका.

सी-१०१: ए-२०२, त्याच्याकडे निघालेले दिसताय मला गॅलरीतून. मागे फिरा.