माराकेशच्या घरात झेलीज कुठवर न्यावी?

उंबरठा: मोरोक्कोत, माराकेशमधल्या एका मोठ्या घराच्या सजावटीचं काम मिळालंय. मालकांना दिवाणखान्यात सगळंच हवंय. जमिनीपासून छतापर्यंत झेलीज (झिलईच्या फरशीच्या तुकड्यांची नक्षी), कैरोसारखी मशरबिया (लाकडी जाळी), दमास्कसच्या जुन्या घरांसारखं रंगवलेलं लाकडी छत. शिवाय न्हाणीघरात ताडेलाक्त (घोटलेल्या चुन्याचा गिलावा). पैशाची अडचण नाही, पण कागदावर खोली गुदमरलेली दिसते. काय काढू?

सावली७: दमास्कसचं छत काढा. अरबी म्हणून एकत्र बसवलं तरी ती दोन वेगळ्या शहरांची कारागिरी आहे.

चुनखडी: फेस शहरात एका जुन्या घराच्या दुरुस्तीवर मी वर्षभर होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी माराकेशच्याच बेन युसुफ मदरशात जा. चौकात उभं राहून एकच भिंत खालून वर बघा. खाली झेलीज, मध्ये जिप्समचा कोरीव गिलावा, वर देवदार. फेसचा बू इनानिया मदरसा त्याच्या दोनशे वर्षं आधीचा, १३५०च्या दशकातला. तिथेही हाच क्रम. पाणी, हात, खांदे जिथे लागतात तिथे झिलईची फरशी, नाजूक गिलावा हाताबाहेर, लाकूड छपराच्या आडोशाला. झेलीज छतापर्यंत नेलीत तर गिलाव्याला जागाच उरत नाही, आणि त्या खोलीतला मऊ उजेड त्या गिलाव्यावरच पडतो. मला तो सगळ्यात प्रिय.

मशरबिया ठेवा, पण भिंतीवर चिकटवू नका. आतून बाहेरचं दिसावं, बाहेरून आतलं दिसू नये आणि वारा खेळावा, हे तिचं काम. रियाद आत, अंगणाकडे बघणारं घर. वरच्या सज्जातून अंगण दिसतं तिथे ती शोभेल.

ताडेलाक्तबद्दल मालकांना आजच सांगा. चुना गुळगुळीत दगडाने घोटून वर ऑलिव्हचा काळा साबण चोळतात, तो चुन्याशी मिळून पाणी अडवतो. आमच्याकडे कुणीतरी आम्लाचा क्लीनर वापरला आणि दोन महिन्यांची घोटाई एका दुपारी गेली. मला रडू आलं होतं.

उंबरठा: ताई, मनापासून आभार. छत साध्या देवदाराचं करतो. मालकीणबाईंना शनिवारी बेन युसुफला नेतो. एक विचारू? झेलीजचे तुकडे उलटे जुळवतात म्हणे, खरं का?

चुनखडी: खरंय. साधारण १० सेंटिमीटरच्या चौकोनी फरशीतून हातोडीने एकेक तुकडा घडवतात. मग रंगाची बाजू खाली ठेवून जमिनीवर नक्षी मांडतात. कारागिराला दिसते ती फक्त मागची कोरी माती, रंग कुठला कुठे ते डोक्यात. पाठीवर मसाला ओततात, सुकला की अख्खा तक्ता उचलून भिंतीला लावतात. पहिल्यांदा तो तक्ता उलटताना मी श्वास धरून उभी होते. मालकांनाही एकदा ते दाखवा, काम सुरू व्हायच्या आधी.