मदत हवी आहे : वनस्पतींच्या लॅटिन नावांतली विशेषणं कशी चालवायची आणि उच्चारायची?

बीएएमएस दुसरं वर्ष. द्रव्यगुणातली (आयुर्वेदातला औषधी द्रव्यांचा विषय) लॅटिन नावं घोकून तोंडाला फेस आलाय. केशर क्रोकस सटायव्हस, भात ओरायझा सटायव्हा, वाटाणा पायसम सटायव्हम. म्हणजे विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं, इतपत कळलं. पण चिंच टॅमॅरिंडस असून 'इंडिका' का? भुईआवळा फायलँथस अमारस, मग आवळा फायलँथस एम्ब्लिका कसा? आलं 'ऑफिसिनाले', तर आवळ्याच्याच जुन्या नावात 'ऑफिसिनालिस'. त्यात एक सर 'ऑफिसिनॅलिस' म्हणतात, मॅडम 'ऑफिकिनालिस'. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) काय म्हणू?

प्रतिसाद :
संस्कृत झालंय ना? नवः, नवा, नवम् तसंच नोवुस, नोवा, नोवुम. तुमचं 'सटायव्हस' याच गटातलं. दुसऱ्या गटात पुल्लिंगी-स्त्रीलिंगी रूप एकच, ऑफिसिनालिस. नपुंसकलिंगी तेवढं ऑफिसिनाले. झिंजिबर, म्हणजे आलं, नपुंसकलिंगी आहे.

नामाच्या शेवटावरून मात्र लिंग ठरवू नका. लॅटिनमध्ये झाडं बहुतेक स्त्रीलिंगी. पिंपळ फायकस असूनही रिलिजिओसा, चिंचेचंही तेच. एम्ब्लिका हे विशेषणच नाही, नाम आहे, त्यामुळे ते कुणापुढे वाकत नाही. आणि निवळीचं स्ट्रिक्नोस पोटॅटोरम बघून फसू नका. ते नपुंसकलिंग नव्हे, षष्ठीचं बहुवचन : 'पिणाऱ्यांची'. गढूळ पाण्यात बी उगाळून पाणी निवळतात, म्हणून.

उच्चाराचं म्हणाल तर मॅडम प्राचीन रोमन वळणाने जातात (तिथे 'क' कायम 'क'च), सर इंग्रजी वळणाने. चर्चच्या लॅटिनमध्ये तिथेच 'च' येतो. वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय नियमावली उच्चाराबद्दल काही सक्ती करत नाही. व्हायवाला समोर जे बसलेत त्यांचा उच्चार करा आणि सुटा.

आघात मात्र नीट द्या. शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर त्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्यावर. लघु-गुरू आपल्या वृत्तांसारखेच, पुढच्या जोडाक्षराने बहुधा गुरू होतं. पळसाच्या मोनोस्पर्मात 'स्प'वर जोर, इंडिकात 'इं'वर.

धागाकर्ता :
झकास! मग कुचल्याच्या नक्स-व्होमिकामधलं 'व्होमिका' स्ट्रिक्नोसमुळे स्त्रीलिंगी का?

प्रतिसाद :
नाही, नक्समुळे. स्ट्रिक्नोसही स्त्रीलिंगीच आहे, पण इथे त्याचा संबंध नाही. 'नक्स' स्त्रीलिंगी नाम, 'व्होमिका' त्याचं विशेषण; ही जोडी आधीच जुळलेली. उद्या प्रजातीचं नाव, म्हणजे पुढचं 'स्ट्रिक्नोस', बदललं तरी ती तशीच राहील.