टाकून दिलेला पंखा घरी आणणे: काटकसर की दळभद्रेपणा?

शहापूरकर: काल येथे टिळकवाडीकरांनी लिहिले की, इतरांनी टाकलेल्या वस्तू उचलून दुरुस्त करणारे लोक घराचे भंगारखाने करतात आणि हप्त्यांवर नवे मिळत असताना असे राहणे हा निव्वळ दळभद्रेपणा आहे. हे वाचून मला रात्रभर स्वस्थता लाभली नाही. माझे वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करीत आणि आमच्या घरातील मिक्सर, इस्त्री व तिन्ही पंखे कोणी ना कोणी टाकून दिलेलेच होते. पंखा हळू फिरू लागला की लोक तो उतरवतात. पुष्कळदा फक्त मोटरला फिरण्यास जोर देणारा कंडेन्सर गेलेला असतो आणि अडीच मायक्रोफॅरडचा नवा कंडेन्सर शंभर रुपयांच्या आत मिळतो. मिक्सर बंद पडला तर आधी कार्बन ब्रश पाहावेत. मोटर फिरते पण पाते फिरत नाही, तर मोटर आणि पाते जोडणारा कपलर झिजलेला असतो. आईने जुन्या नऊवारींच्या शिवलेल्या वाकळींवर आमचे सगळे पावसाळे गेले. याला दळभद्रेपणा म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

टिळकवाडीकर: तुमच्या आईंविषयी मी काहीही लिहिलेले नाही, कृपया विषय तिकडे नेऊ नका. माझ्या मावशीने अशीच जुनी इस्त्री घेतली होती. तिची तीन पिनांची वायर काढून कोणीतरी दोन पिनांची लावली होती. अर्थिंग नसल्याने मावशीला झटका बसला आणि त्या पडून त्यांचे मनगट मोडले. शिवाय तुमचा जुना पंखा 75 वॅट ओढतो, तर कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास. रोज बारा तास लावला तर महिन्याला 27 युनिटांऐवजी सुमारे 11 युनिटे लागतात. मग यात काटकसर कुठे आहे?

खानापूरकर: कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना 2023 मध्ये सुरू झाल्यापासून आमच्या घरी विजेचे बिल शून्य येते, त्यामुळे या 16 युनिटांचा हिशेब आम्हाला सांगू नये.

टिळकवाडीकर: शून्य बिल सरसकट नसते. 2022-23 च्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून मर्यादा ठरते आणि 200 युनिटांच्या वर गेले की संपूर्ण बिल भरावे लागते. तीन जुने पंखे उन्हाळ्यात 80 युनिटे खातात. एप्रिलमध्ये त्यांच्यामुळेच मर्यादा ओलांडली जाते.

निपाणीकर: मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि माझा महिन्याचा वापर 60 युनिटांच्या वर जात नाही. युनिटाला सहा रुपये धरले तरी 16 युनिटांचे 96 रुपये होतात, तेही पंखा रोज बारा तास चालला तरच. आमच्याकडे थंडीत पंखा लागतच नाही. अडीच-तीन हजारांचा नवा पंखा त्यातून किती वर्षांनी फिटेल? ज्याच्या हातात एकरकमी तीन हजार नाहीत, त्याला हप्त्याचा मार्ग दाखवणे म्हणजे त्याच्या डोक्यावर कर्ज ठेवणे आहे. गेल्या वर्षी मिक्सरच्या हप्त्यांनी माझी दिवाळी खाल्ली, म्हणून हे लिहितो.

खानापूरकर: खरे दुखणे वेगळेच आहे. आमच्या बाजारातील वायंडिंगचे, म्हणजे मोटरची तार नव्याने गुंडाळून देणारे, दुकान बंद झाले आणि आता मोटर जळाली की ती बेळगावला न्यावी लागते. एकाने तर तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरून दिली. पंखा महिनाभरात पुन्हा जळाला. कारागीरच उरले नाहीत, तर दुरुस्तीचे गोडवे कशाला?

शहापूरकर: कारागीर उरले नाहीत, कारण आपण त्यांच्याकडे जाणे सोडले. इस्त्रीबाबत मात्र टिळकवाडीकरांचे म्हणणे मला मान्य करावे लागते. तीन पिनांची वायर नसेल किंवा घरात अर्थिंग नसेल, तर जुनी इस्त्री कोणी वापरू नये. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्हही जुना लावू नये, तो त्याच कंपनीचा नवा घ्यावा. मनगटाचे ऐकून वाईट वाटले. पण कंडेन्सर बदलून चालणारा पंखा मी टाकणार नाही.

टिळकवाडीकर: पंखा ठेवा. ‘दळभद्रेपणा’ हा शब्द मी मागे घेतो. हप्त्यांविषयीचे मत मात्र बदललेले नाही.

शहापूरकर: माळ्यावर वायंडिंग जळालेला चौथा पंखा पडून आहे. तो उद्या भंगारात देतो. मात्र आतली तांब्याची तार वेगळी काढून, वजनावर विकूनच.