'जेम्स'आधी 'हकलबरी फिन' किती वाचावं?

पानगळ: पर्सिव्हल एव्हरेटची 'जेम्स' (2024) वाचायची आहे, म्हणजे 'हकलबरी फिन'ची गोष्ट त्यातल्या जिम या पळालेल्या गुलामाच्या तोंडून. मार्क ट्वेनची मूळ कादंबरी फक्त मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीत वाचली आहे. चालेल का? जिमची बोली फार जड जाते.

दौत: नाही चालणार. त्या आवृत्त्यांत तराफा आणि खोड्या उरतात, जिम गळतो. 43 प्रकरणं नको असतील तर 8, 15, 16, 23, 24 आणि 31 तरी वाचाच. आठव्यात तो का पळाला ते कळतं: मालकीण त्याला 800 डॉलरला न्यू ऑर्लिन्सकडे विकणार होती. पंधरा-सोळात धुक्यामुळे कैरो हुकतं. इलिनॉयमधल्या या गावापासून ओहायो नदीने वर, गुलामगिरी नसलेल्या मुक्त राज्यांत जायचं ठरलेलं. आता तराफा उलट दक्षिणेत शिरतो. चोविसाव्यात जिमला निळा रंग फासून, 'आजारी अरब' अशी पाटी लावून तराफ्यावर ठेवतात आणि हक आणि सोबतचे दोन भामटे गावात जातात. पुढची कित्येक पानं जिम काय करतोय याचा पत्ता नाही. एव्हरेटची कादंबरी अशाच रिकाम्या जागांत घडते. एकतिसाव्यात जिमची 40 डॉलरला विक्री.

तेहतीसपासून हकचा मित्र टॉम सॉयर येऊन जिमच्या सुटकेचा पोरखेळ करतो. तो भाग एव्हरेटने घेतलेलाच नाही. (बरंच केलं.)

टाकबोरू: बोली मनात वाचू नका, मोठ्याने वाचा. 'दॅट'चं 'डॅट' होतं हे कानाला लगेच कळतं, डोळ्याला नाही. आणि ती टाळूही नका, कारण 'जेम्स'मध्ये ती गोऱ्यांसमोर घालायचा मुखवटा आहे. आपसांत सगळे गुलाम शुद्ध इंग्रजी बोलतात, मुलांना तर मुखवट्याची रीतसर शिकवणी असते. डॉमिनिक हॉफमनच्या आवाजातल्या ऑडिओबुकमध्ये हा बदल झकास ऐकू येतो. मूळ कादंबरी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. 2011 ची, वर्णद्वेषी शिवीच्या जागी सर्रास 'गुलाम' घातलेली आवृत्ती मात्र नको.

दौत: काळाचं एक लक्षात असू द्या. ट्वेनची गोष्ट 1840 च्या आसपासची, एव्हरेट ती 1861 च्या अमेरिकन यादवीपर्यंत ओढतो. ती चूक नाही, मुद्दाम केलंय. आणि परीक्षणं आधी वाचू नका. हक आणि जेम्सच्या नात्याबद्दलचा धक्का बहुतेक ठिकाणी फोडलेला असतो.

पानगळ: आभार! यानंतर काय घेऊ?

टाकबोरू: नॅन्सी रॉल्सची 'माय जिम' (2005). निवेदक जिमची बायको, सेडी. लहान आहे, पण 'जेम्स'च्या लगेच मागे नको, विनोद शून्य.