मदत हवी आहे: अब्द अल-मलिकने नाण्यावरून स्वतःला का काढलं?

नमस्कार मंडळी,
आमच्या वाचनगटात 'नाणी आणि राजसत्ता' या विषयावर मला बोलायचं आहे. 'श्री राजा शिव' लिहिलेली शिवराई बघितलेल्या मंडळींना नाण्यावरच्या नावाचं वजन वेगळं सांगायला नको. म्हणूनच सातव्या शतकातल्या उमय्यद घराण्याचा खलिफा (मुस्लिम साम्राज्याचा प्रमुख) अब्द अल-मलिक याच्यापाशी मी अडकलोय.

इराण जिंकल्यावर अरबांनी तिथली जुन्या धाटणीची नाणी पाडणं चालूच ठेवलं. चांदीच्या दिरहमवर मुकुट घातलेला सासानी (अरबांआधीच्या इराणी घराण्याचा) राजा, मागच्या बाजूला अग्निवेदी, आणि कडेला अरबीत 'बिस्मिल्लाह'. मग मक्केतून उमय्यदांचा विरोधक इब्न अल-झुबैरने खिलाफतीवर दावा सांगितला. 'मुहम्मद अल्लाहचे रसूल (प्रेषित)' हे शब्द हिजरी ६६ मध्ये (६८५-८६) त्याच्या बाजूच्या लोकांनी इराणात पाडलेल्या दिरहमांवर दिसतात. म्हणजे या शब्दांची ताकद आधी विरोधकांनी ओळखली!

६९२ मध्ये इब्न अल-झुबैर मारला गेला. त्यानंतरच्या दिनारवर (सोन्याच्या नाण्यावर) खलिफा स्वतः उभा आहे, हात तलवारीवर. मागची बाजू तर बघत राहावी अशी आहे: बायझंटाइन (ख्रिस्ती पूर्व रोमन साम्राज्याच्या) नाण्यावरच्या त्याच पायऱ्या, पण वरच्या क्रूसाची आडवी दांडी गायब, उरलाय नुसता खांब. याच काळातल्या तांब्याच्या काही नाण्यांवर अब्द अल-मलिकचं नावही आहे.

आणि हिजरी ७७ मध्ये (६९६-९७) एकदम सगळं पुसलं जातं. सुमारे सव्वाचार ग्रॅमचा सोन्याचा दिनार, त्यावर फक्त मजकूर: मध्ये 'अल्लाहशिवाय ईश्वर नाही, तो एकच, त्याला भागीदार नाही', मागे 'त्याने कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही', कडेला शब्दांत लिहिलेलं साल. ना चेहरा, ना नाव, ना टांकसाळीचं गाव.

मला वाटतं, नाव काढल्याने त्याची सत्ता वाढलीच. विरोधकांचे शब्द आता त्याच्या टांकसाळीतून निघू लागले, आणि 'जन्म दिला नाही' हे थेट नाण्यावर ख्रिस्ताचा चेहरा आणणाऱ्या सम्राट दुसऱ्या जस्टिनियनला उत्तर होतं. पण मग उमय्यदांनंतरच्या अब्बासी घराण्यातला खलिफा अल-महदी, त्याच्या दिरहमांवर खलिफाचं नाव परत कशासाठी आलं? तोपर्यंत नावाची गरज का भासू लागली?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. माझी मांडणी चुकत असेल तर तेही सांगा. शिवाय उभ्या खलिफाचा दिनार आणि हिजरी ७७ चा दिनार शेजारी शेजारी दाखवायचे आहेत. दोन्ही बाजू स्पष्ट दिसणारे, मुक्त परवान्याचे फोटो कुठे मिळतील?