ख्रिस्ती सेवेत असलेल्या घरांना विचारायचं आहे: स्वतःच्या मुलांसाठी वेळ कसा राखता?

कोपीवरची ताई, कसबा बावडा

सगळ्यांना सलाम.

मी आणि माझे मिस्टर सहा वर्षं ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, काम करतो. दिवाळीच्या आसपास बीडकडून टोळ्या येतात, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून दोघं पहाटे ४ लाच फडात. मागं कोपीत सात-आठ वर्षांची पोरगी तान्ह्या भावाला सांभाळते, भाकरीपण थापते. या पोरांचा आम्ही संध्याकाळी ४ ते ७ वर्ग घेतो, खिचडी देतो, आजारी असेल त्याला दवाखान्यात नेतो. बायबलचा वर्ग नाही तो. मराठी, पाढे आणि नखं कापणं. हे आधीच सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो, आणि आता माझ्या मुलीला शाळेतही विचारतात, "तुझी आई धर्म बदलायला जाते का?" मंडळीकडून, म्हणजे आमच्या चर्चकडून, दोघांचं मिळून १८ हजार मानधन मिळतं. त्यात भागतं.

अडचण आहे ती मुलीची. चौथीत आहे.

मागच्या बुधवारी कोपीवरच्या एका मुलीला सणकून ताप भरला. आईबाप रात्री गाडी भरायला गेलेले. खाडा केला तर मुकादम दंड लावतो, म्हणून आई थांबू शकत नव्हती. "ताई, तुमच्याकडं न्या" म्हणाली, मी नेलं. घरात दोन खोल्या. लेकीनं न सांगता आपली वाकळ काढून तिला पांघरली. माझ्या सासूबाईंनी लेकीच्या बारशाला शिवलेली आहे ती, जुन्या इरकलीच्या तुकड्यांची. रात्री ती पोर वाकळेत भिजली. सकाळी उठून बघते तर माझी मुलगी मोरीत बसून वाकळ धूत होती. रडली नाही, रागावली नाही. तिनं आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी वर्गाचा हजेरीपट उघडला. ३१ मुलांची नावं. सहज शेवटचं पान उलटलं तर तिथं पट्टीनं रेघा मारून तिच्या अक्षरात एकच नाव: आई. पुढं डिसेंबरच्या तारखा. गै, गै, ह, गै, गै. मी दिवा लागायच्या आत घरी आले त्या दिवशी ह.

पाचारण, म्हणजे या सेवेचं देवाचं बोलावणं, मला झालं, मिस्टरांना झालं. तिला कुणी विचारलं नाही. काम सोडावं असं मला एकदाही वाटलेलं नाही, तेही खरं आहे. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी सांगा, तुम्ही काय केलंत? "प्रार्थना करा" एवढंच लिहू नका, ती चालू आहे.

निवृत्त सिस्टर, मिरज

बाळ, मी ३१ वर्षं कुष्ठरुग्णांची ड्रेसिंग्ज केली. ड्युटीवरून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय मुलांना हात लावायचा नाही, असं सासूबाईंनी घालून दिलेलं. औषधं सुरू झाली की थोड्याच दिवसांत रुग्णापासून लागण होत नाही, हे मी वॉर्डात रोज सांगायचे. घरात नाही सांगितलं कधी. वाद नको म्हणून. त्यानं झालं काय, धाकट्याला वाटायचं आई कुठंतरी घाण जागी जाते आणि म्हणून आपल्याला जवळ घेत नाही. शेजारी त्याला त्यांच्या माठातलं पाणी देत नसत, ते वेगळंच. एका इस्टरला त्याला वॉर्डात घेऊन गेले. बोटं झडलेल्या एका आजोबांनी दोन्ही तळव्यांत धरून त्याला चिक्की दिली आणि त्यानं ती तिथंच खाल्ली. त्या दिवसापासून तो मला कामाबद्दल विचारायला लागला.

मुलीला सगळं सांग, दाखव. पण तिला बिनपगारी मदतनीस करू नकोस. ती वाकळ धुवायला तू उठायला हवं होतंस.

पाळकाचा मुलगा, गडहिंग्लज

ताई, मी तुमच्या मुलीच्या जागेवरून लिहितो.

आमच्याकडं ताटावर बसलं की दार वाजायचं. बाबा उठायचे, आई ताट झाकायची. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, थोरामोठ्यांच्या गोष्टी पाठ होत्या. मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ ला कोल्हापुरात आले, त्यांचा रॉबर्ट १८६३ ला इथंच जन्मला. पंडिता रमाबाईंची मनोरमा आईच्या कामात शेवटपर्यंत राहिली, १९२१ मध्ये आईच्या आधी गेली, आणि वर्षाच्या आत, एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईही गेल्या. उपदेशात हे ऐकलं की मला एकच वाटायचं, त्या मुलांना संध्याकाळी कुणी विचारत होतं का, आज शाळेत काय झालं? आम्हाला त्यांच्या तारखाच सांगितल्या गेल्या.

मला बाबांचा जास्त वेळ नको होता. ठरलेला हवा होता. सहावीत असताना मी खूप भांडलो, तेव्हा त्यांनी गुरुवार दिला. साडेपाचला सायकलवर मागं बसवून हिरण्यकेशीच्या पुलापर्यंत. पुलावर शेंगदाणे, परत. चार वर्षांत दोनदा चुकलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी मला आधी येऊन सांगितलं, नंतर नाही. मंडळीतल्या काही जणांना ते आवडलं नव्हतं, पाळक फिरायला जातो म्हणून. बाबांनी उपासनेत उभं राहून सांगितलं, गुरुवारी संध्याकाळी मी मुलाचा आहे.

आज मी चाळिशीचा आहे. त्यांचे उपदेश फारसे आठवत नाहीत, पण ते वाक्य आठवतं.

बालहक्क कार्यकर्ता, कोल्हापूर

मूळ प्रश्नाला वरच्या दोघांनी उत्तर दिलंय. मी एका गोष्टीवर थांबतो. परक्याचं मूल रात्री घरी ठेवू नका, आईनं तोंडी सांगितलं तरी. तापानं फणफणलेल्या मुलीला सीपीआर या सरकारी दवाखान्यात न्या आणि आईबापांपैकी एकाला सोबत थांबवा. दंडाचं मुकादमाशी तुम्ही आणि मंडळीतली वयस्क माणसं मिळून बोला, एकट्या बाईवर टाकू नका. आणि पालक जवळ नसलेलं मूल सापडलं तर २४ तासांच्या आत १०९८, पोलीस किंवा बाल कल्याण समितीला कळवावंच लागतं, बाल न्याय कायदा २०१५ तसं सांगतो. आधीच तुमच्याबद्दल चर्चा आहे म्हणता. उद्या त्या पोरीला काही झालं असतं तर तुमच्या मुलीनं शाळेत काय काय ऐकलं असतं?

कोपीवरची ताई

सिस्टर, तुमचं शेवटचं वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही. खरं आहे. मी जागी होते. थकले होते म्हणून पडून राहिले.

दादा, १०९८ वर्गाच्या भिंतीवर लिहिला. त्या मुलीच्या आईला काल आम्ही तिघं घेऊन मुकादमाकडं गेलो. दंड माफ नाही केला, पण मूल दवाखान्यात असेल तर एक दिवस खाडा धरणार नाही म्हणालाय. बघू.

लेकीशी बोलले. तिला गुरुवार नको, मंगळवार हवा, कारण मंगळवारी तिची शाळा लवकर सुटते. मंगळवारचा वर्ग मिस्टर घेतील, खिचडीला मंडळीतल्या दोघी येणार आहेत. रंकाळ्यावर जाऊ म्हटलं तर नको म्हणाली. घरीच बसायचं आणि मी स्वयंपाक करताना तिनं ओट्यावर बसून गणितं सोडवायची, एवढंच हवंय.

वाकळेचं मी विचारलं, आता कुणाला द्यायची की नाही? बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पाहुण्यांना तुझी दे." सासूबाईंना फोन करून आणखी एक शिवायला सांगितली आहे.