चर्चा: सोळा वर्षांच्या मुलाला ‘प्रौढ’ ठरवायचं कशाच्या आधारावर?

अनवट (धागाकर्ता):
बाल न्याय कायदा, २०१५ मधलं कलम १५ काढून टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे, त्याचा आरोप सोळा ते अठरा वयाच्या मुलावर आला की बाल न्याय मंडळ आधी त्याचं ‘प्राथमिक मूल्यांकन’ करतं. गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, आणि हे कोणत्या परिस्थितीत घडलं, एवढं त्यात पाहायचं. मंडळाला पटलं तर खटला बाल न्यायालयाकडे जातो आणि तिथे तो प्रौढासारखा चालू शकतो.

पण तेव्हा गुन्हा सिद्धच झालेला नसतो! “मी तिथे नव्हतोच” म्हणणाऱ्या पोराला “परिणाम कळत होते का?” हे कसं विचारणार? तो खरं बोलत असेल, तर त्याच्याकडे उत्तरच नाही. गप्प राहिला तर तो निर्ढावलेला ठरतो. शिवाय प्रौढ म्हणून दोषी ठरला, तर कलम २४ मधलं संरक्षण जातं. इतर मुलांच्या नोंदी मुदतीनंतर नष्ट होतात, त्याची मात्र राहते.

सडेतोड:
पूर्ण असहमत. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या निर्भया सामूहिक बलात्कार प्रकरणात अल्पवयीन आरोपी तीन वर्षांत सुटला, कारण कायद्यात त्यापेक्षा जास्त काही नव्हतंच. जिची मुलगी गेली त्या आईला “त्याचं वय सतरा होतं” हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि तुम्ही रंगवताय तेवढा हा कायदा निर्दयी नाही. फाशी देता येत नाही, सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेपही नाही. एकविसाव्या वर्षी तो किती सुधारलाय हे पाहिल्यावरच तुरुंगात पाठवायचं की सोडायचं, ते ठरतं. पीडितांचा विचार करणारं एकच कलम आहे, तेही काढायचं म्हणता?

अनवट:
त्या आईचं दुःख मलाही कळतं. पण त्याच घटनेनंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीनं जानेवारी २०१३ मध्ये वयोमर्यादा अठरावरून खाली आणायला नकार दिला होता. लोकांचा संताप समोर असताना दिला होता, म्हणून त्या मताला मी वजन देतो.

काठावरची:
मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. कलमापेक्षा ते राबवणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. मुलाच्या मनाचा अंदाज घेण्याचं शिक्षण यातल्या कितीजणांकडे असतं? सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं की मंडळात बालमानसशास्त्राचा किंवा मानसोपचाराचा जाणकार नसेल, तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घ्यायलाच हवी. म्हणजे कायदा आल्यावर सहा वर्षं हे ऐच्छिकच समजलं जात होतं.

आणि वकील परवडतो कुणाला? पुण्यात मे २०२४ च्या मोटार अपघातात दोघांचा जीव गेला आणि अल्पवयीन आरोपीला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा लोक खवळले. मुलांना जामीन हा या कायद्याचा नियमच आहे, त्यामुळे मला तो जामीन खटकला नाही. तोच नियम ज्याच्या घरचं कुणी मंडळापर्यंत पोचू शकत नाही, त्या पोराला का मिळत नाही? तो निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी संपेपर्यंत मुलांना ठेवतात तिथे, पडून राहतो, हे मला छळतं.

सडेतोड:
हे मान्य. पण मग तज्ज्ञ नेमा, गरीब पोरांना सरकारी खर्चानं चांगले वकील द्या. राबवणारे कमी पडतात म्हणून कायदाच मोडीत काढायचा, तर उद्या कुठलाच कायदा उरणार नाही.

अनवट:
मग निदान क्रम तरी बदला. आधी गुन्हा सिद्ध होऊ दे, मूल्यांकन त्यानंतर.

काठावरची:
त्यात मोठी अडचण आहे. निकाल लागेपर्यंत मुलगा वीस वर्षांचा झालेला असेल. त्याला सोळाव्या वर्षी काय कळत होतं, हे चार वर्षांनी कोणता मानसशास्त्रज्ञ सांगेल? कायद्यानं तीन महिन्यांची मुदत घातली आहे ती याचसाठी.

अनवट:
त्या मुदतीतही त्या घटनेच्या दिवशीचं त्याचं मन कुणाला दिसणार आहे? दिसतो तो अटकेनं भेदरलेला मुलगा. म्हणूनच म्हणतो, अठराखालच्या सगळ्यांचा निवाडा मंडळातच व्हावा. गंभीर गुन्ह्यांत तीन वर्षं कमी वाटत असतील, तर तिथला कमाल काळ वाढवा. त्यावर मी चर्चेला तयार आहे.

सडेतोड:
किती वाढवायचा, तो आकडा सांगा. मग पुढे बोलू.